छप्पन्न लिटरची भानगड

पातूरचा घाट चढताना एसटीच्या कंडक्टरनं माझ्या मांडीकडे पाहिलं. मांडीवर सहा प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, तोंडाला रबर लावून टम्म फुगवलेल्या. प्रत्येकीत तळाशी थोडं पाणी आणि पाण्यात काहीतरी रंगीत वळवळत होतं.

"खायच्या का पाह्यच्या?" त्यानं विचारलं.

"पाह्यच्या."

त्यानं तिकिटाचं मशीन पोटाशी धरून मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. अकोल्याहून रिसोडकडे येणाऱ्या गाडीत बियाण्याच्या थैल्या असतात, क्वचित एखादी कोंबडी असते, कुणाच्या तरी मामाचा एक्स-रे असतो. पाहायच्या मासोया त्याच्या नोकरीत पहिल्यांदाच आल्या असाव्यात. "मंग लगेज नाही लागत," असं म्हणून तो पुढं सरकला. ज्याचा रस्सा होत नाही त्याचं वजन धरायचं नाही, असा त्याचा हिशेब होता आणि माझी त्याला हरकत नव्हती.

पुढच्या दीड वर्षात हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला, की दाराच्या चौकटीवर उत्तर लिहून ठेवावं असं वाटू लागलं. त्यांचंही चुकत नाही. आमच्याकडे मासा म्हणजे पैनगंगेचा नाहीतर धरणाचा. मरळ, रोहू, कटला. तो बाजारात ओल्या पोत्यावर आडवा पडलेला असतो आणि त्याच्याकडे बोट दाखवून भाव विचारायचा असतो. मासा पोहतोय आणि माणूस खुर्ची टाकून नुसता बघतोय, म्हणजे त्या माणसाला नक्की काहीतरी झालेलं आहे.

झालेलं होतंच. माझं बीपी वाढलं होतं. वरचं दीडशे, खालचं शहाण्णव. डॉक्टरांनी मीठ बंद केलं, लोणचं बंद केलं, सकाळचं फिरणं लावलं आणि जाता जाता म्हणाले, "घरी एक फिशटँक ठेवा. त्याच्याकडे पाहत बसलं की बीपी उतरतं." ही काही त्यांच्या मनची गोष्ट नव्हती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आरन कॅचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना माशांच्या टाकीसमोर बसवून रक्तदाब मोजला होता आणि तो खरंच उतरला होता. मी एवढंच लक्षात घ्यायला हवं होतं, की त्या लोकांना ती टाकी धुवायची नव्हती.

टाकी गावातल्याच काचवाल्यानं करून दिली. खिडक्यांच्या काचा बसवणारा माणूस, पण सिलिकॉन चांगलं लावतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. म्हणजे दोन घनफूट, म्हणजे छप्पन्न लिटर. दिसायला चपलांच्या खोक्याएवढी, पण एका लिटरला एक किलो या न्यायानं आत छप्पन्न किलोंचा ऐवज. हे गणित आम्हाला टीव्हीचं टेबल वाकल्यावर सुचलं. मग धान्याची लोखंडी कोठी पुढच्या खोलीत आली आणि तिच्यावर टाकी बसली. अजून घरात गहू काढायचा झाला तर बायको आधी माशांकडे पाहते, मग माझ्याकडे.

आता मासे. अकोल्याच्या त्या दुकानात मी नुसता रंग पाहत गेलो. लाल हवा, तर दोन गोल्डफिश. निळी रेघ चमकते, तर सहा निऑन टेट्रा. पंख पदरासारखे सोडलेले दोन एंजल. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले चार टायगर बार्ब. एक जांभळा फायटर. आणि टाकी साफ ठेवतो म्हणून एक सकर. सोळा जण. दर वेळी बोट दाखवून मी विचारायचो, "हे यांच्यासंग चालते ना?" आणि दुकानदार जाळी बुडवता बुडवता म्हणायचा, "चालते ना भाऊ, सारे कम्युनिटी फिश आहेत."

कम्युनिटी हा शब्द आमच्या भागात लग्न जमवताना फार जपून वापरतात. आधी आडनाव, मग मामेकूळ, मग शेती किती, बोअरला पाणी किती, मग पत्रिका. इथं अॅमेझॉनच्या पाण्यातले निऑन आणि एंजल, सुमात्राकडचे टायगर, चीनचा गोल्डफिश, थायलंडचा फायटर आणि दक्षिण अमेरिकेचाच सकर, असे दोन खंडांतले सोळा जीव मी एका दुपारी एकमेकांच्या गळ्यात बांधले. आणि संसाराला पाणी दिलं रिसोडच्या बोअरचं.

या पाण्याविषयी थोडं सांगितलं पाहिजे. काळ्या दगडाच्या पोटातून येतं ते. पिऊन आम्ही मोठे झालो, तक्रार नाही. पण हंड्याच्या आत पांढरा थर धरतो, गिझरच्या कॉइलवर गिलावा चढतो, साबणाला फेस येत नाही आणि तुरीच्या डाळीला दोन शिट्ट्या जास्त लागतात. शेजारचे निवृत्त गुरुजी विज्ञान शिकवायचे. त्यांनी पट्टी बुडवून पीएच आठ सांगितला आणि वर म्हणाले, "घाबरू नका. लोणारला दहाच्या आसपास असतो." लोणार आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. उल्केनं पाडलेला पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा, खारं पाणी, जून २०२० मध्ये सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झालं होतं तेव्हा सगळं जग फोटो पाहत होतं. तिथं शोभेचा मासा सोडला तर त्याचा निभाव लागायचा नाही. गुरुजींचा दिलासा हा असा असतो.

निऑन टेट्रा ज्या ओढ्यांत जन्मतो तिथलं पाणी पावसाच्या पाण्यासारखं मऊ आणि कुजलेल्या पानांमुळे चहाच्या रंगाचं, आंबटसर. हा मासा जगाला कळला तो १९३०च्या दशकात. १९३६ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं ते विल्यम इनेस या अमेरिकन मत्स्यशौकिनाच्या नावावरून. इतक्या प्रतिष्ठेचा मासा. तो आमच्या पाण्यात आला आणि त्याची निळी रेघ पाचव्या दिवशी फिकी पडली. सहाव्या दिवशी पाच राहिले.

पण खरा घोळ पाण्याच्या जडपणाचा नव्हता, तो माझ्या घाईचा होता. संध्याकाळी टाकी भरली आणि रात्री मासे सोडले. आठवड्यानं पाणी दुधाळ झालं, वास मारू लागलं, मासे वर येऊन तोंड उघडू लागले. गुरुजींनी रसायनशास्त्र सुरू केलं: माशांच्या मलमूत्रातून अमोनिया, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट, अमोनिया आणि नायट्राइट विषारी, नायट्रेट बऱ्यापैकी सुसह्य, हे जिवाणू टाकीत जमायला चार ते सहा आठवडे लागतात. मी मान डोलावत होतो. माझा चुलतभाऊ सोयाबीनवाला. दर मृगाला पेरणीआधी बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळणारा माणूस. त्याला एका वाक्यात समजलं.

"म्हणजे मासोया मुत्ते, अन् पाण्यातले किडे त्याचं खत करते. आता किडेच नाही आले तं नुसतं मूत राह्यते."

"बरोब्बर," गुरुजी म्हणाले. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांना असा विद्यार्थी मिळाला नसावा.

"मंग हे पाणी तुळशीले घाल ना. फुकटचा युरिया." तेव्हापासून दर रविवारी टाकीतलं चौथाई पाणी काढून तुळशीला जातं. तुळस दाराच्या वर गेली आहे. एवढी एक गोष्ट या सगळ्या प्रकरणात पहिल्या दिवसापासून यशस्वी झाली.

आमची माय माळकरी. सकाळी हरिपाठ, एकादशीला भगर. टाकी घरात आली तेव्हा ती गप्प होती, मग एक दिवस म्हणाली, "भगवंताचा पह्यला अवतारच मासोयीचा हाय बाबू, राहू दे." राहू दे म्हणून थांबली असती तर बरं झालं असतं. तिनं कणकेच्या गोळ्या करून टाकायला सुरुवात केली, देवळाच्या कुंडात टाकतात तशा. मी सांगितलं, दिवसातून चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल एवढंच. गोल्डफिशला तर जठरच नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं.

"जठर नाही?" माय हळहळली. "मंग बिचाऱ्याचं पोट भरन कसं?" आणि आणखी दोन गोळ्या टाकल्या.

एका एकादशीला सकाळी निऑन तीन होते आणि संध्याकाळी दोन. माझा पोरगा काचेला नाक लावून बसला होता. त्यानं पाहिलं होतं. "आजी, एंजलनं गिळला." एंजल हे आमच्या घरातलं सगळ्यात सात्त्विक पात्र होतं. झुळझुळ पदर, संथ चाल, कीर्तनाला पहिल्या रांगेत बसलेल्या बाईसारखा चेहरा. मायनं चष्मा पुसून त्याच्याकडे पाहिलं.

"एकादशी तरी पायाची होती रे मुडद्या."

एंजल हा सिक्लिड कुळातला, आणि लहान मासा तोंडात मावत असेल तर तो त्याला शेजारी मानत नाही, हे मला नंतर कळलं. बिचाऱ्याचं निसर्गतः काही चुकत नव्हतं. मात्र त्याच आठवड्यात त्याच्यावर सूड उगवला गेला. टायगर बार्बना लोंबणारा पंख दिसला की राहवत नाही. एक जण पुढून लक्ष वेधणार, दुसरा मागून पदर फाडणार. बसस्टँडवरचे टवाळ असतात तसे चौघे. पंधरा दिवसांत एंजलच्या साडीचा पंचा झाला.

उपाय शोधला तर असा निघाला, की टायगर कमी करायचे नाहीत, वाढवायचे. आठ-दहा असले की ते आपसातच पाठलाग करत बसतात आणि इतरांना सोडतात. मी हे बायकोला उत्साहानं सांगितलं.

"म्हणजे गल्लीत चार गुंड आहेत म्हणून आणखी चार आणायचे?"

"शास्त्र आहे."

"अहो, शास्त्र नाही, निवडणूक आहे ही."

टायगर शेवटी मी डॉक्टरांना नेऊन दिले, दवाखान्यातल्या टाकीसाठी. त्यांनी मनापासून आभार मानले. त्यांच्या टाकीत दोन लांब पंखांचे मासे होते. त्यांचं बीपी नंतर किती झालं ते मी विचारलं नाही. माझं तोवर एकशे साठ झालं होतं.

फायटरची गोष्ट फार नाही. तो दोन दिवसांत सगळ्यांवर धावून गेला, तिसऱ्या दिवशी काचेतल्या स्वतःवर. मायनं लोणच्याची मोठी काचेची बरणी रिकामी करून दिली; माझं लोणचं बंदच होतं. त्या बरणीत तो दोन वर्षं एकटा, कल्ले फुगवून, आनंदानं राहिला. काही जण असे असतात की त्यांना वेगळं काढलं की दोन्ही घरं सुखी होतात. (हे वाक्य माझ्या थोरल्या भावानं वाचू नये.)

मे महिन्याची ती रात्र मात्र मी विसरणार नाही. दिवसा त्रेचाळीसचं ऊन, संध्याकाळी वावटळ, आणि मग वीज गेली. पंपाचे बुडबुडे बंद. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशाला मात्र तेव्हाच जास्त लागतो. गोल्डफिश तर थंड पाण्यातला जीव, वीस-बावीस अंशांत सुखी. दोघे पृष्ठभागाशी येऊन हवा ओढू लागले. फ्रीजमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या होत्या. त्या एकेक करून टाकीत सोडल्या. आणि मग तांब्या. टाकीतलं पाणी तांब्यानं काढायचं आणि हातभर उंचीवरून परत धार सोडायची, म्हणजे हवा मिसळते. मेणबत्तीच्या उजेडात आम्ही पाळीपाळीनं टाकीला अभिषेक घालत होतो. माय तोंडानं विठ्ठल विठ्ठल म्हणत होती. बरणीतला फायटर तेवढा निवांत होता. त्याच्या डोक्यात एक अवयव असतो, तो वर येऊन सरळ हवेतून श्वास घेतो. आम्ही घामानं निथळत होतो आणि तो बरणीतून आमची गंमत पाहत होता.

रात्री अडीचला शेजारचे गुरुजी उकाड्यानं ओट्यावर आले. खिडकीतून त्यांना आमचा विधी दिसला.

"कोण गेलं?" त्यांनी हळूच विचारलं.

पहाटे चारला वीज आली. सकाळी एक गोल्डफिश गेला, दुसरा दोन दिवसांनी. पोरगा दिवसभर जेवला नाही. दोघांनाही आम्ही तुळशीत पुरलं.

टाकीतले बाकीचे तोवर एकेक करून गेलेच होते. राहता राहिला सकर. आणला तेव्हा बोटाच्या दोन पेरांएवढा होता, काचेला तोंड चिकटवून शेवाळ चाटत राहायचा. मी त्याला घरातला सगळ्यात कामाचा माणूस समजत होतो. वर्षात तो वीतभर झाला. दोन फुटांच्या टाकीत वीतभर मासा वळला की खडे उडतात, फिल्टर पडतो. दुकानदार परत घेईना. तेव्हा मायनं मनूची गोष्ट सांगितली. मनूच्या ओंजळीत एक इवलासा मासा आला, म्हणाला मला सांभाळ. मनूनं त्याला घागरीत ठेवलं, घागर पुरेना, तळ्यात टाकलं, तळं पुरेना, नदीत सोडलं, नदी पुरेना, शेवटी समुद्र. ही गोष्ट मी लहानपणी भक्तिभावानं ऐकली होती. आता ऐकताना पहिल्यांदा मनूची अडचण कळली. मनूला कुण्या दुकानदारानं सांगितलं असेल, चालते ना भाऊ.

पोरगा म्हणाला, पैनगंगेत सोडू. मी नाही म्हणालो, आणि या सगळ्या प्रकरणात एवढाच एक निर्णय मी ठामपणे घेतला. सोलापूर-पुण्याकडच्या उजनी धरणात लोकांनी असेच पाळलेले सकर पोचले, ते वाढले, आता कोळ्यांच्या जाळ्यात अडकतात, काटेरी अंगानं जाळी फाडतात, आणि त्यांना गिऱ्हाईक नाही. ते खायचेही नाहीत आणि पाहायचेही नाहीत. आमचा सकर चुलतभावाच्या मळ्यात, चारी बाजूंनी बंद सिमेंटच्या टाक्यात आहे. आता हातभर झालाय म्हणतात. समुद्राची पायरी आम्ही गाळली.

टाकी रिकामी झाली. मी काचवाल्याला निरोपही धाडला होता, उलटी करून कपाटाला काचा लावून दे. दरम्यान अंगणातल्या हौदात एक वेगळंच प्रकरण शांतपणे चालू होतं. आमच्याकडे नळ रोज येत नाही, म्हणून घरोघरी हौद, पिंप, टाकं. आणि साठवलेलं पाणी आलं की डास आले, डास आले की हिवताप-डेंगीवाले आरोग्य सेवक आले. टॉर्च घेऊन येतात, हौदात वाकून पाहतात, पिंप पालथं घालायला लावतात, भिंतीवर खडूनं तारीख लिहितात. आणि बाटलीतून आणलेले चार-दोन गप्पी हौदात सोडतात. गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा, ही घोषणा आम्ही शाळेच्या भिंतीवर वाचतच मोठे झालो. मातकट रंगाचा, पेराएवढा मासा. नराच्या शेपटीवर कुठंतरी एखादा ठिपका, तोही उन्हात पाहिला तर. त्याला मासा म्हणून कुणी कधी पाहिलंच नव्हतं. तो सरकारी होता.

हा गप्पीसुद्धा परदेशीच. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर रॉबर्ट गप्पी नावाचे एक निसर्गशौकीन गृहस्थ होते. त्यांनी त्याचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला धाडले आणि १८६६ मध्ये मासा त्यांच्या नावानं नोंदला गेला. पुढं डासांच्या अळ्या खातो म्हणून तो देशोदेशी गेला आणि फिरत फिरत आमच्या हौदात आला. त्याला जड पाणी लागतं, क्षार आवडतात, पीएच आठ म्हणजे माहेर. ज्या पाण्यात निऑनची रेघ पाच दिवस टिकली नाही, त्या पाण्यात यांची चौथी-पाचवी पिढी नांदत होती. अंडी घालायची भानगड नाही, थेट पिल्लं. महिन्याला एक वेत, एका वेताला वीस-तीस. मादी एकदाच्या संगतीवर पुढची कित्येक बाळंतपणं उरकते, नर जागेवर असो नसो.

पोरानं गाळणीनं आठ-दहा उचलले आणि रिकाम्या टाकीत टाकले. मला सांगितलंही नाही. तीन महिन्यांनी मी मोजायचं सोडून दिलं. वीज गेली, काही झालं नाही. मायच्या कणकेच्या गोळ्या पडल्या, फस्त झाल्या. एक रविवार पाणी बदलायचं राहून गेलं, फक्त तुळशीनं तक्रार केली. पिल्लं जास्त झाली की थोडी आईबापच खातात; मायला हे आम्ही सांगितलेलं नाही. संध्याकाळी मी कोठीसमोर खुर्ची टाकून बसतो. सव्वाशे-दीडशे मातकट ठिपके इकडून तिकडे जातात. बघण्यासारखं काही नसतं आणि मी तासभर बघतो. परवा बीपी एकशे बत्तीस आलं. डॉक्टर म्हणाले, बघा, म्हटलं होतं ना. त्यांच्या टाकीत मात्र आता नुसती झाडं आहेत, प्लास्टिकची.

मागच्या पावसाळ्यात आरोग्य सेवक आले. तरुण पोरगा, खांद्याला पिशवी. हौद पाहिला, पिंपं पाहिली, मग पुढच्या खोलीत डोकावून थबकला.

"सर, ह्या कोठून आणल्या? आमच्याकडच्या उन्हाळ्यात साऱ्या गेल्या. हौद भरायले मासोयाच नाही."

"तुमच्याच आहेत," मी म्हणालो.

त्यानं दोन बाटल्या भरून नेल्या. जाता जाता खोलीतल्या टाकीवर टॉर्च मारला, वाकून तळ पाहिला, काचेवर टिचकी वाजवली. मग ओट्यावर बसून फॉर्म काढला आणि आमच्या घरापुढं, माझ्या डोळ्यांदेखत, निळ्या पेनानं लिहिलं: हौद एक, पिंप दोन, काचेची पेटी एक. डासअळी नाही.